कबुतराचा डोळा

"परत आंधळंच निघालं हे," सासूबाई तिच्या कानाशी पुटपुटल्या. टेबल इतकं अरुंद, की त्यांचं पुटपुटणंही पिठासारखं अंगावर उडायचं. लाकडी साच्यातून नुकतंच सुटलेलं बिस्किटाचं कच्चं कबूतर त्यांच्या तळहातावर होतं. पंख नीट, शेपटीच्या रेघा जरा बुजलेल्या, आणि डोळ्याच्या जागी... गुळगुळीत.

तिने विणायची सुई पिठात बुडवली आणि टोचली. झाला डोळा.

नवऱ्याने कोरलेला डोळा असा नव्हता. साच्यात तो खळगा होता, म्हणून बिस्किटावर फुगून यायचा, मोहरीएवढा, टपोरा. साच्यात सगळंच उलटं, तो सांगायचा, डावं ते उजवं, खोल ते उंच. दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही — आणि ही मान डोलवायची, मोठी शहाणी. आता डोळे म्हणजे नुसती भोकं, प्रत्येकाचं वेगळं. कुणी दचकलेलं, कुणी पेंगुळलेलं, एखादं चक्क नणंदेसारखं तिरकं बघणारं.

साच्याचं नासपतीचं लाकूड झिजतं. खळग्यांच्या कडा बारीक पटाशीने अधूनमधून उघडाव्या लागतात, आणि ते काम त्याचं. पटाशा अजून भिंतीवर ओळीने आहेत. तेल तीच लावते. तो बंदराच्या गावी काम बघायला गेला, येतो म्हणाला; आधी फोन यायचे, मग येईनासे झाले, मग नणंदेने त्याला तिथे कुणा बाईबरोबर भाजीची पिशवी धरून हसत चालताना पाहिलं... त्या दिवसापासून घरात लोण्याबद्दल फार बोलणं सुरू झालं. लोणी मऊ पडतंय, पीठ जाड दळलंय, हवा दमट आहे. पत्र्याचे कटर वापरू, चिनी मातीचा फुलांचा साचा काढू, हेही सुचवून झालं. साचा झिजलाय असं मात्र कुणी म्हणत नाही, कारण त्याच्या पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे.

आणि कोरणं तर मला येतं की, ती मनाशी म्हणायची. दुपारी सगळी आडवी झाली की टाकाऊ तुकड्यांवर पान कोरलं, शिंपला कोरला, पीठ दाबून पाहिलं, स्वच्छ सुटलं. पण हा साचा... कोरलेलं लाकूड परत भरता येत नाही. एकदा माझा हात त्यात फिरला की साचा त्याचा राहणार नाही, आणि तो आला तर बघेल — तो आला तर. रोज सुई टोचत राहिले ती या एवढ्याशा 'तर'साठी?

"लोणी आज बरं होतं, आई," ती म्हणाली.

"लोण्याला काय झालंय."

सासूबाईंनी कबूतर मोडून गोळ्यात मिसळलं. साचा ओल्या फडक्याने पुसला, जेवलेल्या पोराचं तोंड पुसावं तसा, आणि तिच्यापुढे उताणा सरकवला. बराच वेळ त्या हात पुसत राहिल्या.

"माझा मुलगा यायचा नाही गं आता. तूच कोर डोळा."

या वाक्यासाठी तिने केव्हापासून रडणं राखून ठेवलं होतं. आता शोधायला गेली तर ते जागेवर नव्हतं. तिथे नुसती एक बारीक, लाजिरवाणी घाई होती — किती खोल जायचं, याची.