अलहंब्रातला नंदी

"भिंतीला नंदी समजा! त्याच्या कानात सांगा, आम्ही इकडे ऐकतो!"

२००६च्या ईस्टरच्या सुट्टीत लंडनमधल्या स्टॅनमोरच्या मराठी मंडळाची सहल स्पेनमध्ये ग्रॅनडाला पोचली आणि अलहंब्रा राजवाडा बाजूलाच राहिला. कारंजी, भिंतींवरची नक्षी, संत्र्याची झाडं कुणी धड पाहिली नाहीत. राजवाड्यातल्याच कमानदार छताच्या एका लहानशा दालनात सगळे चपला काढून दाटीवाटीनं उभे होते. एका कोपऱ्यात भगवं फ्लीसचं जाकीट घातलेले स्वामी अगम्यानंद भिंतीला तोंड करून बसले होते. भक्तानं समोरच्या कोपऱ्यात जायचं आणि भिंतीला हळूच गाऱ्हाणं सांगायचं. मधल्या गर्दीला चकार शब्द ऐकू येत नव्हता. स्वामी मात्र सारं ओळखत.

"मुलगा ब्रॅकनेलची नोकरी सोडतोय! राहू वक्री आहे!"

"अगं बाई!" कल्याणीताई कोपऱ्यातून किंचाळल्या. "मी धड ओठसुद्धा हलवले नव्हते!"

"एनर्जी फील होतेय ना, काका?" आयटीतल्या संजयनं हरीशना विचारलं. तो स्वामींचा मुख्य सेवेकरी. "सायन्स जिथं स्टॉप होतं ना, तिथं महाराज स्टार्ट होतात."

हरीशना फक्त थंडी फील होत होती. पण त्यांनी नुसती मान डोलावली. सत्तरीतला हा माणूस पुस्तकांत रमणारा. बसमधून उतरतानाही दुसरं कुणी घंटा वाजवेल म्हणून वाट बघणारा.

मग त्यांची बायको, नंदा, कोपऱ्यात गेली. तिच्या पोटात गाठ होती. ऑपरेशन मंगळवारी. "महाराज म्हणतील तसं करेन," असं तिनं विमानातच सांगून टाकलं होतं.

"गाठ!" स्वामी गरजले. "मुली, शरीर हे देवाचं घर. त्यात सुरी नेऊ नकोस. अंगारा घे, ऑपरेशन रद्द कर!"

नंदा डोळे पुसत परतली. "ऐकलंत? मी तुमच्याशिवाय कुणालाही बोलले नव्हते हो."

हरीशना लंडनमधला त्यांचा पहिला रविवार आठवला. नवी नवरी समोर असताना त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. सेंट पॉल्स चर्चच्या घुमटाखालच्या गोल गॅलरीत त्यांनी भिंतीला तोंड लावून 'तू मला आवडतेस' म्हटलं होतं आणि पार पलीकडे नंदा हसली होती. पण इथं? एवढी शिकलेली माणसं चुकतील? आपलंच चुकत असलं तर जन्मभर हसं. आणि गप्प राहिलो तर नंदा जाईल.

अंगारा लावायला स्वामी दालनाच्या मध्यभागी आले. त्यांचा कोपरा रिकामा झाला.

"नंदा, तिकडे जाऊन उभी राहा."

"आता काय आणखी?"

"राहा गं."

आणि ते स्वतः समोरच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीशी कुजबुजले. पलीकडे नंदाची पाठ ताठ झाली. ती वळली.

"अहो, हे तर सेंट पॉल्ससारखं!"

"काय म्हणालो मी?"

"सगळ्यांसमोर सांगू?" ती लाजली. "म्हणालात, तू गेलीस तर मी चहा कुणाबरोबर पिऊ? ऑपरेशन कर."

हरीश सगळ्यांकडे वळले. "छताची कमान आवाज उचलते आणि थेट समोरच्या कोपऱ्यात उतरवते. मध्ये काही ऐकू येत नाही. कुणीही करून बघा."

कोपऱ्यांवर झुंबड उडाली. संजय पुटपुटला, "मागच्या ट्रिपलासुद्धा महाराजांनी याच रूमचा हट्ट धरला होता."

कल्याणीताईंनी कंबर कसली. "महाराज, आता इथं मध्येच उभं राहून सांगा, माझ्या मनात काय आहे?"

"बालिके, ध्वनी हेच ब्रह्म. देव परीक्षा देत नसतो."

"माझा चेहरा बघून लहान मूलसुद्धा सांगेल. चपला घाला आणि चालू लागा!"

तरीही दोघंजण अंगाऱ्यासाठी वाकलेच. अशांना रागावून काय होणार? त्यांना एवढंच सांगावं : चमत्कार करणाऱ्याला आधी त्याच्या कोपऱ्यातून बाहेर काढा, तिथं स्वतः उभे राहून बघा. आणि अंगात गाठ असेल तर डॉक्टरकडे जा.

नंदानं अंगाऱ्याची पुडी राजवाड्याच्या दारातल्या कचरापेटीत टाकली.

मंगळवारी हॉस्पिटलचा स्टॉप आला, तेव्हा बसची घंटा हरीशनी वाजवली.