बेसिनमधली राख

बेसिन तुंबलं तेव्हा मी विहीणबाईंसमोरच सुनेला बोललो, "सुचिता, इथं केस काऊन टाकतं वं? मायनं हेच शिकवलं का तुले?" देऊळघाटहून लेकीला भेटायला आलेल्या विहीणबाईंनी मान खाली घातली.

सुचितानं बादली ठेवून खालच्या पाइपाची वाटी फिरवली. भदकन काळा गोळा पडला. त्यात केस एकही नव्हता. मी रोज राखुंडीनं दात घासून तिथंच थुंकतो, ती राख घट्ट बसली होती.

सुचितानं बादलीवर फडकं टाकलं. "केसच होते, माय," ती म्हणाली.

"तुले लहानपणापासून वळण नाही," विहीणबाई पुटपुटल्या.

शेवटी मी फडकं काढून बादली त्यांच्यापुढे ठेवली. "केस नाही, माही राख हाय," एवढंच बोललो. वर पाहायची हिंमत झाली नाही.