एका मुखदुर्बळ इंजिनाची हकिगत

मी इंजिन बोलतोय. एका छोट्या, राखाडी मोटारीचं इंजिन. सध्या वर्कशॉपच्या मागच्या आवारात दोन जुन्या टायरांवर बसलोय, अंगातलं तेल काढून घेतलंय, आणि आता बोलण्याशिवाय मला दुसरं काही जमत नाही. बोलायला हवं होतं तेव्हा मात्र तोंडातून अक्षर फुटलं नाही. चारचौघांत तर माझी वाचाच बसायची. त्याला मी स्वतःशी सभ्यपणा म्हणायचो.

माझा जन्म कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर आमची भली मोठी रांग होती. कुणी आमच्या पोटात पिस्टन बसवत होतं, कुणी नट आवळत होतं. त्या गडबडीत माझ्यातलं एक बेअरिंग केसभर सैल बसलं. त्या बेअरिंगची खोड अशी, की अंग चांगलं तापलं आणि वर चढावर ओझं ओढायची वेळ आली, तरच ते वाजणार. एरवी आत कुणी राहतं अशी शंकासुद्धा यायची नाही. पुढे आमची परीक्षा झाली. परीक्षा म्हणजे जागच्या जागी थोडा वेळ चालवून कान लावायचा. तिथे चढ कुठला? मी गार अंगानं गोड गुणगुणलो आणि पहिल्या वर्गात पास झालो. त्या निकालावर मी तीन वर्षं छाती फुगवून काढली.

मला घ्यायला आलं ते एक वयस्कर जोडपं. तो नुकताच निवृत्त झालेला ग्रंथपाल आणि त्याची बायको हॉस्पिटलातून निवृत्त झालेली सिस्टर. शोरूममध्ये त्यानं चावी तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "आता ताईकडे आपल्या गाडीनं जायचं. थेट घाट चढून." तिची थोरली बहीण घाटापलीकडे राहायची. बहिणीला गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नव्हता, आणि बस वळणं घेऊ लागली की हिच्या पोटात ढवळायचं. त्यामुळे दोघी जणी नुसत्या फोनवर एकमेकींच्या तब्येती विचारायच्या. हे सगळं मी बोनेटखालून ऐकलं आणि हरखून गेलो. घाट म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण मान मोठा असावा असं वाटलं.

घाट राहिला लांब. ग्रंथपालानं आयुष्यभर पुस्तकं जपली होती. पुस्तक जितकं चांगलं तितकं ते आतल्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. मोटारीलाही त्यानं तोच न्याय लावला. सीटवरचं प्लॅस्टिक काढलं नाही, उलट ते खराब होऊ नये म्हणून त्यावर चादर घातली. घरी पोचलं की गाडीवर खोळ. आठवड्यातून दोनदा खोळ निघायची: एकदा भाजीसाठी आणि एकदा त्याच्याच जुन्या वाचनालयात डोकावायला. दोन्ही ठिकाणं इतकी जवळ, की माझं अंग कोमट होतंय न होतंय तोच आम्ही परत गॅरेजात. गिअर तिसऱ्याच्या पुढे गेला नाही. चौथा आणि पाचवा गिअर गाडीत आहेत हे मी फक्त ऐकून होतो.

बायको उन्हाळ्यात ताईचं नाव काढायची, तर तो म्हणायचा, उन्हात इंजिन तापेल. पावसाळ्यात रस्ता निसरडा असायचा. थंडीत म्हणे गार इंजिनाला चढ जड जातो. तिसरं वर्ष सरत आलं तरी "अजून नवीन आहे, इतक्यात ताण नको" हे चालूच. प्रत्येक वेळी कारण मी आणि मला कुणी विचारलंच नाही. खरं सांगायचं तर मला ते लाड आवडत होते. शेजाऱ्याची जुनी व्हॅन दिवसभर सामान वाहून धापा टाकत यायची, तेव्हा मी खोळीखालून नाक मुरडायचो.

मग एक दिवस वाचनालयाचा रस्ता खोदलेला निघाला. वळसा घालून टेकडीवरच्या रस्त्यानं जावं लागलं, आणि तिथे वाहतूक अशी खोळंबली की मी आयुष्यात पहिल्यांदा मनसोक्त तापलो. रांग हलली, चढ लागला, आणि माझ्या पोटातून आवाज आला. मी दचकलो. ग्रंथपाल माझ्याहून जास्त दचकला. ज्यानं आयुष्यभर लोकांना गप्प बसवलं, त्याच्याच गाडीतून हा गलबला. गॅरेजात पोचेपर्यंत त्याचा शर्ट घामानं भिजला होता, आणि मी मात्र गार होऊन पुन्हा साळसूद झालो होतो.

वॉरंटी संपायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते. मुदत म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. मुदत उलटलेलं पुस्तक त्यानं दंडाशिवाय कधी परत घेतलं नाही. प्राध्यापकाचं नाही, फौजदाराचं नाही, आणि एकदा सुट्टीत राहायला आलेल्या आकडसासूबाईंचंही नाही. म्हणजे त्याच ताई, ज्यांच्याकडे जायचं होतं. आता तो काउंटरच्या दुसऱ्या बाजूला उभा राहणार होता, आणि दया मागायची सवय त्याला नव्हती.

सर्व्हिस सेंटरात टापटीप शर्टातल्या माणसानं हसून विचारलं, "आवाज नेमका कसा येतो, काका?"

ग्रंथपालानं घसा साफ केला. "टक्. टक्. टक्. असा."

"अहो, तसा नाही काही," बायको म्हणाली. "टुकटुकटुक, आणि मग खर्र. दम्याच्या पेशंटसारखा."

"खर्र अजिबात नव्हतं."

"तुमचं लक्ष रस्त्याकडे होतं. मी ऐकत होते."

मग भर काउंटरवर दोघांची आवाज काढण्याची चढाओढ लागली. तो टक् करतोय, ती खर्र करतेय, आणि रांगेतली माणसं मोबाइल खाली ठेवून बघताहेत. शेवटी मेकॅनिक आला. बोनेट उघडलं, मला सुरू केलं. तोवर मी रांगेत उभा राहून पार निवलो होतो, शिवाय इतक्या लोकांच्या नजरा माझ्यावर. मी जो सूर लावला तो कारखान्यातल्या परीक्षेतसुद्धा लागला नव्हता. मेकॅनिक म्हणाला, एकदम लोण्यासारखं चाललंय. ग्रंथपालाचा चेहरा उतरला. माझ्या गाण्यानं तो भारावला, असं मी समजलो.

दुसऱ्या खेपेलाही मी तेवढाच गोड वागलो. या वेळी शर्टवाला जरा समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, वय झालं की कान कधीकधी वाजतात. मनावर घेऊ नका." वाचनालयाच्या पार टोकाला कुणी कुजबुजलं तरी ज्याला कळायचं, त्या माणसाला तो हे सांगत होता. ग्रंथपालानं काउंटरवरची चावी उचलली आणि निघाला. घरी आल्यावर त्यानं खोळ घातली नाही. नुसताच स्टिअरिंगवर हात ठेवून गॅरेजात बसून राहिला. त्या वेळी मला माझी लाज वाटली. पण लाजेनं मी आणखीच गप्प झालो, हा माझा स्वभाव.

बायको बघायला आली. तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, "शनिवारी मुदत संपते. त्यानंतर इंजिन गेलं तर आपल्याला पेलायचं नाही. विकून टाकू गाडी. ताईकडे जाऊ कधीतरी बसनं."

तिनं ते "कधीतरी" ऐकलं. मीही ऐकलं. ती आत गेली आणि जुना स्टेथोस्कोप घेऊन आली. त्याची नळी चक्क माझ्या बोनेटवर टेकवली, मला सुरू करायला लावलं आणि कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली. मला गुदगुल्या झाल्या. अर्थात मी सुरेलच चाललो.

"डॉक्टर खोलीत आला की ताप उतरणारे पेशंट मी जन्मभर पाहिलेत," ती नळी गळ्यात अडकवत म्हणाली. "अशांना निजवून तपासायचंच नसतं. जिना चढायला लावायचा."

शनिवारी सकाळी तीच काउंटरवर गेली. मेकॅनिकला आमच्याबरोबर घाटात पाठवा, आवाज आला नाही तर पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही, असं तिनं शांतपणे सांगितलं. या जोडप्यापासून कायमची सुटका होतेय म्हटल्यावर शर्टवाल्यानं लगेच होकार दिला. मेकॅनिक पुढे बसला. ती मागे प्लॅस्टिकवरच्या चादरीवर बसली. ग्रंथपालानं तिसऱ्या गिअरमध्ये, मागच्यांचे भोंगे ऐकत, मला घाटाच्या पायथ्याशी आणलं.

काय सांगू तुम्हाला. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, आणि रस्ता असा वर वर जाणारा. यासाठीच तर मला बनवलं होतं. आणि तिथेच माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. आज गप्प राहिलो तर मी वाचतो, पण हे दोघं बुडतात आणि ताई फोनवरच राहते. बोललो तर त्यांचं काम होतं, पण मला उपटून काढतात. या जागी एखाद्या थोर इंजिनानं मनाचा निश्चय केला असता. मी केला नाही. शेजारी मेकॅनिक बसलेला. त्याच्यासमोर खोकणं मला बरं दिसेना. मी श्वास रोखून धरला आणि पहिलं वळण निमूटपणे चढलो.

दुसऱ्या वळणावर मेकॅनिक म्हणाला, "मस्त चाललंय, काका. बघा पुढे जागा मिळाली तर वळवा."

ग्रंथपालाचा पाय सैलावला. तो वळायला जागा शोधू लागला. आरशात बघायचं मात्र त्यानं टाळलं, कारण आरशात ती होती.

"वळवू नका," मागून ती म्हणाली. "दाबा."

"अगं, ताण येईल त्याच्यावर."

"येऊ दे. तीन वर्षं जपलंत. आता वापरा."

मग त्यानं पाय दाबला, अगदी तळाला टेकेपर्यंत. आजवर माझ्याकडे कुणी काही मागितलंच नव्हतं. भाजीच्या पिशवीएवढी ताकद मागितली होती, तेवढीच मी देत आलो होतो. आणि आता एकदम कुणीतरी माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं मागत होतं. मला इतका आनंद झाला, की श्वास रोखून धरायचा आहे हेच मी विसरलो. त्यागबिग काही नाही, नुसता विसरलो. मी मोकळ्या गळ्यानं ओरडत सुटलो आणि ते बेअरिंगही माझ्याबरोबर ओरडू लागलं. टक् टक् टक्. मग टुकटुकटुक. आणि शेवटी, तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी, खर्र. म्हणजे दोघांचंही बरोबर होतं. त्यानंतर आतून एक दणका बसला, थोडा धूर आला आणि मी जो थांबलो तो कायमचा.

सगळे खाली उतरले. मेकॅनिकनं बोनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि सावकाश हात पुसले. "बेअरिंग गेलं. मुळातलाच दोष दिसतोय. काका, तुमच्या कानांना काही झालेलं नाही." मग त्यानं तिथूनच वर्कशॉपला फोन लावला आणि आजच्या तारखेला नोंद करायला सांगितलं, "मी स्वतः गाडीत होतो," असंही म्हणाला. ग्रंथपाल रस्त्याकडेच्या दगडावर बसला होता. भर घाटात गाडी बंद पडलेली आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू. तिनं त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली, तेव्हा मला दिसलं की त्याचे डोळे भरलेत.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. मला दोरखंडानं ओढून आणलं, साखळीनं उचललं, आणि माझ्या जागी कंपनीनं नवीन इंजिन बसवलं. ते निर्दोष आहे म्हणतात. माझ्याबद्दलही तेच म्हणत होते.

आज सकाळी ग्रंथपाल गाडी न्यायला आला, तसा आधी मागच्या आवारात मला बघायला आला. त्याच्या काखेत गुंडाळी होती. सीटवरचं प्लॅस्टिक. त्यावर घातलेली चादर आणि गाडीची खोळही होती. ते सगळं त्यानं माझ्याशेजारी भंगारात ठेवलं. जुन्या सवयीनं रुमाल काढला आणि माझ्यावरची धूळ पुसली.

"तुला उगाच कोंडून ठेवलं रे," तो म्हणाला. वाचनालयात बोलतात तेवढ्याच आवाजात.

मला खूप काही बोलायचं होतं. म्हणायचं होतं, चूक तुमची एकट्याची नाही, मलाही ती खोळ आवडत होती. पण नेहमीप्रमाणे वाचा बसली. फाटकाकडून ती हाक मारत होती, ताई वाट बघत असेल, निघा आता. तो लगबगीनं गेला.

मंडळी, लवकरच कंपनीची माणसं मला न्यायला येतील, उघडतील, दोष बघतील आणि मग वितळवतील. तोवर एकच मागणं. तुमच्याकडची जी काही नवी, लाडकी, झाकून ठेवलेली वस्तू असेल, तिला मुदत आहे तोवर एकदा चढावर न्या. ती वाजली तर बरंच, आणि नाही वाजली तर तुमची सहल झाली.

त्यांची गाडी सुरू झाल्याचं मी इथून ऐकलं. वर्कशॉपच्या फाटकातून उजवीकडे त्यांचं घर, डावीकडे घाट. गाडी फाटकात बराच वेळ थांबली. तो नेहमीच तिथे दोन्हीकडे पुन्हा पुन्हा बघतो. मग ती डावीकडे वळली. मी कान लावून बसलो होतो. खोटं कशाला बोलू, मत्सरानंच बसलो होतो, नव्यातून एखादं तरी टुक येईल म्हणून. आलं नाही. चौथा गिअर पडल्याचं मात्र स्वच्छ ऐकू आलं.