नाली नव्हे, पन्हाळ

मी पन्हाळ बोलून राहिली. नाली नाही. आधी एवढं नीट ऐकून घ्या, मग बाकीचं सांगते.

छपराच्या काठाखाली पत्र्याचा, मधोमध चिरलेल्या नळासारखा एक लांब तुकडा असते. पागोळ्या झेलते अन् पाणी एका तोंडातून दूर अंगणात सोडते. ती मी.

माझा जन्म बीरगावचा, हिंदी मुलखातला. भैय्यालाल रेल्वेच्या कारखान्यात पत्र्याच्या कामावर होता. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण पत्रा कुठून वाकवला तर चिरत नाही, हे त्याच्या अंगठ्याले ठाऊक होतं. एका सुटीच्या दिवशी त्यानं मले ओट्यावर ठोकून घडवली अन् मागच्या खोलीच्या छपराले बांधली. खोली कच्च्या विटांची. त्याच्या बायकोनं, कांताबाईनं, त्या विटांचा चिखल स्वतः तुडवला होता. त्या भिंतीवर पाणी पडू द्याचं नाही, एवढंच माझं काम.

आमच्याकडे दोन कचरे. शेजारच्या निंबाचा पाला, अन् सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वाऱ्यावर येणारी काळी धूळ. एकटा पाला उडून जाते. एकटी धूळ वाहून जाते. दोघं भेटले की डांबरासारखी पोळी बसते, मग ती पाण्याच्या बापाच्यानंही हालत नाही.

म्हणून दरसाल मृगाच्या आधी भैय्यालाल शिडी लावून वर येत जाय. खुरप्यानं सारं खरडून काढे, मग वरच्या टोकातून लोटाभर पाणी ओते. खाली माझ्या तोंडाशी कांताबाई उभी राहे.

"आलं का वं?"

"आलं."

मग तो उतरे. ते 'आलं' ऐकल्याशिवाय मी त्याले कधी शिडीवरून उतरताना पाहिलं नाही.

पोरगा मोठा झाला. प्रशिक त्याचं नाव. त्यानं समोर स्लॅबचं घर बांधलं. स्लॅबले पन्हाळ नसते, नुसता पाइप असते. म्हातारा-म्हातारी मागच्या खोलीतच राहिले, माझ्याखाली. घरात मराठी सारे समजत, बोलत मात्र हिंदी. माझं नाव घेणारी दोनच माणसं उरली.

मग भैय्यालालचे गुडघे गेले. दोन वर्षं कोणीच वर आलं नाही. तिसऱ्या वर्षी जेठात, एका रविवारी, त्यानं खाटेवरून पोराले सांगितलं, "बाबू, पाणी लागाच्या आधी पन्हाळ साफ करून घेजो."

प्रशिक मोबाइलवर होता. पन्हाळ म्हणजे काय, त्याले कधी कोणी वर नेऊन दाखवलं नव्हतं. त्यातला 'न्हाळ' तेवढा त्याच्या कानात गेला, अन् त्यानं त्याची नाली केली. म्हणाला, "हव बाबा, करवा देता हूँ."

अन् करवली. दारासमोरची सांडपाण्याची नाली. माणूस लावून, फावड्यानं, गाडाभर गाळ काढून. पोरगा कामचुकार नव्हता, हे मी कबूल करते. संध्याकाळी येऊन म्हणाला, "हो गया बाबा, एकदम चकाचक."

"लोटा ओतून पाहिला का?"

प्रशिक हसला. "नाली में लोटा कौन डालता है, बाबा?"

भैय्यालालले वाटलं, पोरगा आपल्या जुन्या रीतीले हसून राहिला. त्यानं खाटेवर कूस बदलली. मी वर काळ्या पोळीनं भरलेली, दोघांचंही ऐकत होती. पत्र्याले तोंड असते, पण ते पाण्यासाठी.

सावनात झड लागली. पहिल्याच दिवशी मी काठोकाठ भरली. गाळाच्या वजनानं भिंतीकडे कलली अन् पाणी मागच्या काठावरून सरळ त्या विटांवर सांडू लागलं. जिच्यासाठी मी जन्मली, तिलेच मी तीन दिवस भिजवत होती. कांताबाईनं ओल पाहिली, खाट सरकवली. तिसऱ्या दिवशी दुपारी भिंतीतून माती सुटाचा आवाज आला, तशी तिनं नवऱ्याचा हात धरून त्याले फरफटत समोर नेलं. मागं भिंत बसली. मी तिच्यावर.

प्रशिक भिजत धावत आला. कपाळाले हात लावून म्हणाला, "मैंने तो नाली साफ करवाई थी बाबा. देखो ना, पानी कैसा भाग रहा है."

खरंच पाणी पळत होतं. भैय्यालालनं नालीकडे पाहिलं. मग ढिगाऱ्यात पडलेल्या माझ्याकडे पाहिलं, माझ्यातल्या काळ्या पोळीकडे. त्याले सारं समजलं. मले वाटलं, आता तरी तो माझं नाव घेईन, पोराले सांगन की चूक कुठं झाली.

तो म्हणाला, "हव."

त्या एका होकाराचा, त्या 'हव'चा राग माझ्या पत्र्यातून अजून गेला नाही.

राकेश शेजारी म्हणाला, मिट्टी की दीवार थी भैया, कितना चलती. साऱ्यांनी तेच धरलं. त्या जागेवर आता स्कूटर उभी राहते. म्हातारा-म्हातारीची खाट समोरच्या दारात, चपलांजवळ.

अन् मी? सुनेनं, पिंकीनं, मले ओट्यावर ठेवलं. खिळ्यानं माझ्या बुडाले सात भोकं पाडली अन् माती भरून कोथिंबीर लावली. जी माती भैय्यालाल दरसाल माझ्यातून काढे, ती आता मुद्दाम भरली. जन्मभर जिनं भोक पडू दिलं नाही, तिले सात. कोथिंबीर छान आली म्हणतात.

तुमच्या छपराले माझ्यासारखी कोणी असेल, तर मृगाच्या आधी वर जा. वरून ओतणारा एक अन् खाली उभा राहणारा एक, एवढीच माणसं लागतात. अन् पोराले शिडीवर चढवून माझं नाव सांगा, खाटेवरून नाही.

परवा नात पायल लोट्यानं कोथिंबिरीले पाणी घालत होती. पाणी भोकांतून ओट्यावर पडलं. तो आवाज ऐकून भैय्यालालनं खाटेवरून विचारलं, "आलं का वं?"

"क्या आया, दादाजी?" पायल म्हणाली.

कांताबाई दारातच होती. तिनं ओट्यावरचं पाणी पाहिलं, अन् फडकं आणाले आत गेली.