दगडांवरचा लेप

याकुत्स्कपासून लांबच्या त्या गावाचा रस्ता खचला, तो नेमका एर्चिमच्या राखणीतल्या तुकड्यात. सात हिवाळे त्याने रस्त्याखालचा हा भराव पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. डोक्याएवढे दगड नुसते मोकळे रचलेले, मध्ये मातीचा कण नाही. हिवाळ्याची थंडी फटींतून खाली उतरायची आणि तळची गोठलेली जमीन उन्हाळाभर गोठलेलीच राहायची. ती वितळली की रस्ता गिळते. रस्ता गेला तर शाळा बंद, आणि शाळा बंद म्हणजे गाव उठलंच, हे वरच्या साहेबांनी आधीच बजावलं होतं.

एर्चिमने उतारावरचे दगड उपसले, तर फटी गच्च भरलेल्या. शेण-माती, हाताने थापलेली. हिवाळ्याआधी गावात गोठ्यांच्या भिंतींना असाच लेप देतात, ऊब आत राहावी म्हणून. पावसाने धुऊन जाऊ नये म्हणून वर बारीक दगडही पसरलेले. एवढ्या निगुतीने काम गावात एकच माणूस करायचा.

थोरला भाऊ न्युकुलाय घोडीचं दूध काढत होता.

"दादा, ते शेण तू थापलंस?"

"मग काय करू? दोन शिंगरांचे पाय मोडले त्या फटींत. तीन वर्षं थापतोय. तुझाच रस्ता मजबूत केला की रे! आभार मान."

"अरे, थंडी आत जायला हवी होती तिथे! तू रस्त्याला गोधडी पांघरलीस!"

न्युकुलायचे हात थांबले. "मला कुणी सांगितलं होतं?"

कुणीच नाही. एर्चिम गावभर दगडांच्या बढाया मारत हिंडला, पण सख्ख्या भावाला समजावून सांगणं त्याला सुचलं नव्हतं. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

याकुत्स्कहून आलेल्या इंजिनिअरबाईंनी भोक पाडून पाहिलं. "खाली दोन मीटर चिखल आहे, एर्चिम. आता लेप काढून काही व्हायचं नाही. पुन्हा गोठायला कैक हिवाळे लागतील, आणि तसले हिवाळे तरी आता कुठे राहिलेत?"

तरी दोघे भाऊ रोज जाऊन लेप खरवडत राहिले.

सप्टेंबरअखेर बंद झालेल्या शाळेचे बाक भरून ट्रक निघाला आणि रस्ता खचला होता त्याच खळग्यात रुतला. ड्रायव्हर खेकसला, "बघताय काय नुसते? हात लावा!"

न्युकुलायने एर्चिमकडे पाहिलं. मग दोघांनी मागून खांदा लावला आणि सगळा जोर एकवटून शाळा गावाबाहेर ढकलली.