तोमिएची सही

दुपारी सव्वातीनला शेजाऱ्यांनी गिइचि हाशिदाला टॅक्सीतून मनोरुग्णालयात आणलं. बायको वारल्यापासून शेजारी आपल्या सुक्या मासळीवर विष टाकतात, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्या दुपारी त्याने दुकानातली सगळी मासळी बंदरात फेकली आणि मागोमाग स्वतःही पाण्यात उतरला. कोळ्यांनी ओढून काढलं. आता तो राहायला तयार नव्हता. मर्जीविरुद्ध ठेवायचं तर जवळच्या नातेवाइकाची सही हवी, आणि नात्यात उरली होती एकटी धाकटी बहीण, तोमिए.

ती बसने आली. आल्या आल्या तिने लाल चवळीच्या मिठाईचा खोका परिचारिकांपुढे ठेवला.

"घ्या. भावाचा त्रास होईल. माफी आधीच मागून ठेवते."

गिइचिची मान खाली गेली. याच रुग्णालयात तोमिएने बारा वर्षं काढली होती, त्याच्या सहीवर. दर नवीन वर्षाला तो असाच खोका पाठवायचा. बहिणीचा त्रास होतो, माफ करा. काचेपलीकडे परिचारिका खायच्या. तोमिएला त्यातला एक तुकडा कधी मिळाला नाही.

मुख्य परिचारिकेने तिला बाजूला घेऊन सुचवलं, की दोन दिवसांची तपासणी आहे असं सांगा, म्हणजे मुकाट्याने आत जातील. तोमिए हसली. तिला गिइचिने गरम पाण्याच्या झऱ्यावर नेतो म्हणून आणलं होतं. नवऱ्याने टाकल्यावर तिची झोप उडाली होती, ती रात्र रात्र दुकानात बोलत बसायची, आणि गिऱ्हाइकं कुजबुजायला लागली होती. तिने हौसेने पिशवीत टॉवेल आणि साबण भरला होता.

"खोटं नको," ती म्हणाली. "त्याचे हक्क त्याला वाचून दाखवा. माझ्यासमोर."

डॉक्टर ओगावारा तरुण होते. त्यांनी वाचलं: इथे का ठेवत आहोत, पत्र आणि फोन कुणी अडवू शकत नाही, सोडा म्हणून प्रांताच्या मंडळाकडे मागणी करता येते.

"पुन्हा वाचा. डाव्या कानानं कमी ऐकू येतं त्याला."

डॉक्टरांनी पुन्हा वाचलं. तोमिए भावाच्या तोंडाकडे पाहत राहिली, एकेक वाक्य कुठे लागतं ते बघत.

"तुला कुणी वाचून दाखवलं होतं हे?" गिइचिने विचारलं.

"कुणी नाही. तू तिथेच होतास ना, दादा. दारात बूट चढवत होतास."

त्याने ओल्या बाह्या खाली ओढल्या. मग म्हणाला, "सही करू नकोस, तोमी."

"मीही हेच म्हणाले होते."

डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं. सही केली तर आजपासून तो कुलपाआड. नाही केली तर त्याला सोडावं लागेल, आणि तो बहुधा सरळ बंदरावर जाईल; घरी नेऊन कुणी सोबत राहिलं तरच निभेल. तोमिएची एकच खोली होती. त्याच्याविरुद्ध सही करणाऱ्या आपल्या हाताची तिने आत असताना कितीदा कल्पना केली होती, पण तिच्या कल्पनेत गिइचि कधीच इतका ओला, इतका म्हातारा नव्हता.

साडेपाचला स्वागतकक्षातले अर्धे दिवे मालवले. बाकावर दोघं भावंडं बसली होती, मध्ये एका माणसाची जागा सोडून. डॉक्टर दोनदा डोकावून गेले. सही तोवर झाली नव्हती.