गल्लीच्या टोकाचे घर

वाचकहो, एकाकी माणसांना भेटी देण्याच्या आमच्या सेवा मंडळाच्या उपक्रमाचा वृत्तांत मी येथे नम्रपणे सादर करीत आहे.

अध्यक्ष या नात्याने मी जोड्या पाडून घरे वाटून दिली. सुतार व त्याच्या पत्नीस सांगितले, "शेवटी गल्लीच्या टोकाचे घर." ते माझेच होते. माझी पत्नी गेल्यापासून तेथे कोणी बसावयास आलेले नाही. दोन खुर्च्या पुसून मी वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी सुतार हसत म्हणाला, "काय काका, टोकाला गेलो तर तुमचंच दार! थट्टा करता होय गरिबाची? आल्या पावली परत फिरलो."

"अध्यक्षांना कसलं एकटेपण? अख्खं मंडळ आहे की पाठीशी!" त्याची पत्नी म्हणाली.

"माझीच चूक," मी म्हणालो आणि पुढच्या भेटींची घरे वाटताना टोकाचे घर वगळले.

येथवर सोबत केलीत, आभारी आहे.

आपला,
शिंपीकाका